मैत्रिणीला लिहिलेलं सुनेला कसं कळलं?

पत्राचा सारांश: ठाण्याहून, घोडबंदर रोडच्या एका सोसायटीतून एका ताईंनी लिहिलं आहे. वय 58, शाळेतून निवृत्त. नौपाड्यातली जुनी इमारत पुनर्विकासाला गेल्यापासून मुलगा, सून आणि नात यांच्याबरोबर राहतात. साताऱ्याला त्यांची शाळेपासूनची मैत्रीण आहे. दोघी दर रविवारी एकमेकींना लांबलचक ई-मेल लिहितात. घरातल्या कुरबुरी, दुखणीखुपणी, वाचलेली पुस्तकं, सगळं त्यात असतं. मध्यंतरी ताईंनी लिहिलं की कर्जतजवळ ज्येष्ठांसाठीच्या एका वसाहतीत जाऊन राहावं असं मनात घोळतंय. घरात याबद्दल अवाक्षर काढलेलं नव्हतं. आठवड्याभरात सून पोळी वाढता वाढता म्हणाली, "कर्जतला हवा छान असते म्हणे, आई." त्याच सुमारास फोनवर ज्येष्ठांच्या घरांच्या जाहिराती दिसू लागल्या. आपले मेल फुटतात अशी ताईंची खात्री झाली. कारण न सांगता त्यांनी मुलाला उपाय विचारला. तो ऐरोलीला आयटीत आहे. त्याने एका संध्याकाळी लॅपटॉपवर एन्क्रिप्शन, म्हणजे किल्ली असलेल्यालाच मजकूर वाचता यावा अशी सोय, बसवलं, मैत्रिणीसाठीची किल्लीही स्वतःच तयार केली आणि सोबत सूचना लिहून तिला मेलने पाठवली. तेव्हापासून मैत्रिणीला नुसती अगम्य अक्षरं दिसतात. तिचा पुतण्या म्हणाला, व्हायरस असेल, उघडू नको. तिने फोन करून ताईंना सुनावलं, "साधं पत्र पाठवायचं तर पाठव, नाहीतर राहू दे." आणि मुलगा विचारतो, "आई, तुला एवढं लपवायचंय तरी काय?" ताईंचे प्रश्न तीन: एन्क्रिप्शन चालू ठेवू की सोडून देऊ? हे करून मी घरच्यांवर अविश्वास दाखवतेय का? आणि इतक्या वर्षांची जुनी पत्रं पुसून टाकू का?

ताई,

तुमच्या पत्रात दोन वाक्यं तुम्ही अगदी जाता जाता लिहिली आहेत. एक, "मेलचं खातं मुलानेच उघडून दिलं, पासवर्ड त्यालाच पाठ आहे, माझ्या लक्षात राहत नाही." आणि दुसरं, पार शेवटाकडे, "नातीच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला टॅबही माझ्याच जीमेलवर सुरू केला होता, तो तसाच आहे." एन्क्रिप्शनबद्दल तुम्ही पानभर लिहिलंत, पण तुम्हाला हवं ते उत्तर बहुधा या दोन वाक्यांत आहे.

तुम्ही जाहिराती आणि सुनेचं बोलणं एकाच धाग्यात ओवलंत. दोन्ही एकाच आठवड्यात घडलं म्हटल्यावर कोणीही ओवेल. तरी ते वेगवेगळं करून बघू.

जाहिरातींचं आधी, कारण ते लवकर उरकतं. पूर्वी गूगल जीमेलमधला मजकूर यंत्राकडून चाळून घ्यायचं आणि त्यावरून जाहिराती दाखवायचं, हे खरं आहे. लोकांनी त्यावर बरीच टीका केली, आणि 2017 मध्ये कंपनीने जाहीर केलं की जाहिराती ठरवण्यासाठी मेलमधला मजकूर यापुढे वापरणार नाही. स्पॅम ओळखण्यासाठी, मेलची वर्गवारी करण्यासाठी यंत्र अजूनही मेल चाळतंच. पण जाहिरातींसाठी त्यांना तुमच्या मेलची गरजही पडत नाही. कर्जतच्या त्या वसाहतीचं नाव तुम्ही कुठेतरी शोधलं असणार, नकाशावर अंतर पाहिलं असणार, यूट्यूबवर तिथल्या खोल्यांचा व्हिडिओ बघितला असणार. तेवढं पुरतं. गूगलच्या खात्यात ‘माय ॲड सेंटर’ नावाचं पान आहे. तिथे जाऊन कोणत्या विषयांवरून जाहिराती दिसतात ते बघा आणि नको ते बंद करा.

आता सुनेचं बोलणं. मेल फुटला असं तुम्ही गृहीत धरलंत. माझ्या मनात मात्र पहिल्यांदा तो टॅब आला. टॅब तुमच्या जीमेलवर चालतो, म्हणजे मैत्रिणीचं उत्तर आलं की त्याच्या पडद्यावर वरच्या बाजूला पट्टी येते: पाठवणारीचं नाव, विषय, पहिली ओळ. नात गृहपाठ करत असते, सून शेजारी बसलेली असते. तुम्ही त्या मेलचा विषय काय लिहिला होता ते पत्रात सांगितलंयत, "कर्जतला जाऊ का गं?" मैत्रिणीने त्यालाच उत्तर दिलं असेल, तर तोच विषय पुढे ‘आरई’ लावून टॅबवर झळकला असणार. चोरून वाचायची गरजच नाही. डोळ्यांसमोर आलं तर माणूस वाचतो.

आणखी एक वाट आहे. मैत्रिणीची भाची कळव्याला असते आणि तिची तुमच्या सुनेशी ओळख आहे, असं तुम्हीच लिहिलंय. मैत्रीण काळजीने कोणाशी दोन शब्द बोलली असेल, तर त्यावर जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर चालत नाही. तसंच झालं असं माझं म्हणणं नाही. पण एन्क्रिप्शन बसवण्याआधी या दोन वाटा तपासायला हव्या होत्या. तुमच्या मुलाला तुम्ही खरं कारण सांगितलं नाहीत, म्हणून त्याने त्याला माहीत असलेल्या आजारावर औषध दिलं.

ते औषध काय करतं, हे थोडं सविस्तर सांगते, कारण वाचकांची अशी पत्रं हल्ली वरचेवर येतात.

मुलाने तुम्हाला सांगितलं की ई-मेल म्हणजे पोस्टकार्ड, वाटेत कोणीही वाचावं. फार पूर्वी ते बरंचसं खरं होतं. आज जीमेलवरून जीमेलला, किंवा तशाच कुठल्या मोठ्या सेवेकडे जाणारा मेल वाटेत टीएलएस नावाच्या सुरक्षित जोडणीतून जातो. सोसायटीतला केबलवाला, स्टेशनवरचं फुकटचं वायफाय चालवणारा, यांना तुमचं पत्र दिसत नाही. मेल ठेवणाऱ्या कंपनीला मात्र ते उघडता येतं, कारण ते तिच्याच सर्व्हरवर असतं आणि किल्लीही तिच्याकडेच असते. मुलाने जे बसवलं ते कंपनीलासुद्धा मजकूर कळू नये यासाठी असतं. मजकूर तुमच्या लॅपटॉपवरच गुंडाळला जातो आणि मैत्रिणीच्या फोनवरच उलगडतो. मधल्या कोणाच्याही हाती फक्त ती अगम्य अक्षरं पडतात.

या जातीचं सर्वांत नावाजलेलं साधन म्हणजे पीजीपी. अमेरिकेतल्या फिल झिमरमन यांनी ते 1991 मध्ये लोकांसाठी खुलं केलं. तेव्हा तिथल्या कायद्यात असं सॉफ्टवेअर शस्त्रास्त्रांच्या यादीत मोडत होतं. ते देशाबाहेर गेलं म्हणून त्यांच्यामागे फौजदारी चौकशीचा ससेमिरा लागला. खटला न भरताच ती 1996 मध्ये बंद झाली. पीजीपीमागचं गणित पक्कं आहे, त्याबद्दल शंका घेऊ नका. प्रत्येकाच्या दोन किल्ल्या असतात. एक सगळ्यांना वाटायची, तिने मजकूर बंद होतो. दुसरी फक्त स्वतःजवळ ठेवायची, तिने तो उघडतो. ही दुसरी किल्ली ज्याच्याकडे गेली, त्याला सगळं वाचता येतं.

आता तुमच्या घरात काय झालं ते पाहा. तुमची खासगी किल्ली मुलाने बनवली, तिचा पासवर्डही त्यानेच ठरवला. मैत्रिणीची खासगी किल्ली त्यानेच तयार केली आणि साध्या मेलने साताऱ्याला धाडली. म्हणजे ज्या वाटेवर विश्वास नाही म्हणून हा सगळा खटाटोप, त्याच वाटेने किल्ली गेली. ती अजून तुमच्या ‘पाठवलेले’ मध्ये असेल, आणि टॅबवरही. मुलाचा हेतू चांगलाच होता, घाईत होतं असं. पण ज्यांच्यापासून तुम्हाला आडोसा हवा होता त्यांच्यापासून तो मिळाला नाही, आणि जिच्याशी बोलायचं होतं तीच बाहेर राहिली.

शिवाय पीजीपीने साधारणपणे फक्त आतला मजकूर झाकला जातो. कोणी, कोणाला, कधी पाठवलं आणि विषय काय, हे उघडंच राहतं. तुमचे विषय मी पत्रात वाचले: "कालचं भांडण", "गुडघ्याचा रिपोर्ट", "कर्जतला जाऊ का गं?" आत काहीही लिहिलं नसतं तरी चाललं असतं, ताई!

या सगळ्याची किंमत कोण मोजतं, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. एन्क्रिप्शन ठरवतो पाठवणारा, त्रास पडतो वाचणाऱ्याला. तुम्हाला मुलगा हाताशी आहे. मैत्रिणीकडे पुतण्याचा जुना फोन आहे आणि सल्ला द्यायलाही तोच पुतण्या. तिला तुम्ही विचारलं नाहीत, एका रविवारी एकदम तिच्या हातात कोडं ठेवलंत. ती चिडली ते तंत्रज्ञानावर नव्हे, तुमच्यावर, आणि मला तिचं चुकलं असं वाटत नाही. तिला जमलं नाही यात तिचा कमीपणाही नाही. 1999 मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी 12 जणांना पीजीपी वापरायला बसवलं होतं. 90 मिनिटांत जेमतेम एक तृतीयांश लोकांना मेल नीट सही करून, बंद करून पाठवता आला. काहींनी तर गुप्त ठेवायचा मजकूर उघडाच पाठवून दिला. पुढे 2012 च्या डिसेंबरात, अमेरिकी गुप्तचर यंत्रणेची कागदपत्रं नंतर उघड करणाऱ्या एडवर्ड स्नोडेन यांनी ग्लेन ग्रीनवाल्ड या पत्रकाराला नाव न सांगता संपर्क करून आधी पीजीपी बसवून घ्यायला सांगितलं. ग्रीनवाल्ड आज करू, उद्या करू करत राहिले आणि स्नोडेन दुसऱ्या पत्रकाराकडे वळले. अमेरिकी सरकारच्या पाळतीची एवढी मोठी बातमी दारात उभी असताना पत्रकाराला कंटाळा आला, तिथे साताऱ्याच्या तुमच्या मैत्रिणीला का नावं ठेवायची?

अजून दोन गोष्टी मुलाने सांगितल्या नसतील. या मेलमध्ये जीमेलचा शोध चालत नाही. मैत्रिणीने तीन वर्षांपूर्वी लिहिलेली कुळथाच्या पिठल्याची कृती आज तुम्ही ‘कुळीथ’ टाकून शोधता आणि सापडते. ती बंद मेलमध्ये असती तर सापडली नसती. आणि किल्ली हरवली, लॅपटॉप बिघडला, पासवर्ड विसरला, तर ती पत्रं कायमची गेली. तिथे ‘पासवर्ड विसरलात का?’ अशी निळी ओळ नसते. तुमचे जीमेलचे पासवर्ड लक्षात राहत नाहीत हे तुम्हीच सांगितलंत, म्हणून हे जरा स्पष्टच लिहिते.

मग एन्क्रिप्शन कोणासाठी? ज्यांना वाटेतल्या कंपनीपासून किंवा सत्तेपासून मजकूर झाकायची गरज आहे त्यांच्यासाठी. पत्रकार, वकील, एखाद्या गैरव्यवहाराची कागदपत्रं बाहेर काढणारा नोकरदार. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69 खाली सरकार ठरलेल्या कारणांसाठी मजकूर उलगडून मागू शकतं, आणि मदत नाकारणाऱ्याला 7 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 2015 मध्ये तर केंद्राने एका धोरणाचा मसुदा आणला होता, त्यात लोकांनी एन्क्रिप्ट केलेल्या मजकुराची साधी प्रत 90 दिवस जपून ठेवावी असं म्हटलं होतं. इतका गदारोळ झाला की मसुदा लगेच मागे घेतला गेला. हा विषय मोठा आहे आणि मला त्यात रस आहे, पण तुमच्या कर्जतच्या पत्राचा दिल्लीशी संबंध नाही. तुमचा प्रश्न हॉलमधल्या टॅबचा आहे.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर: पीजीपी सोडून द्या. आधी तुमचं खातं तुमच्या ताब्यात घ्या. एका दुपारी होण्यासारखं काम आहे.

सुरुवात पासवर्डपासून नको, रिकव्हरी नंबरपासून करा. खात्याच्या ‘सुरक्षा’ विभागात तुमचा नंबर म्हणून बहुधा मुलाचा मोबाईल घातलेला असेल. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक घरात आईबाबांच्या खात्याचं असंच असतं. तो असेपर्यंत तुम्ही पासवर्ड कितीही वेळा बदला, ओटीपी त्याच्याच फोनवर जाणार. तिथे स्वतःचा नंबर घाला. मग पासवर्ड बदला. नातीचं नाव आणि जन्मसाल नको. चार असंबद्ध मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत एकापुढे एक लिहा, ते लक्षात राहतात आणि ओळखायला कठीण जातात. वहीत लिहून कपाटात ठेवलात तरी चालेल. कागदावर लिहू नका असं लोक सांगतात, पण तुमच्या वयाला आणि तुमच्या घराला कपाटातली वही पुष्कळ सुरक्षित आहे. त्यानंतर ‘टू-स्टेप’ सुरू करा, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एकदा खात्री करून घेणारी सोय. ते सुरू झालं की गूगलकडून 8 आकडी 10 बॅकअप कोड मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो. ते छापून बँकेच्या पासबुकाबरोबर ठेवा. फोन हरवला तर तेच कामी येतील. उद्या मुलाच्या मदतीशिवाय खातं परत उघडायची वेळ आली तर हेच कोड तुमचा आधार. ही जबाबदारी तुमच्यावर येते, तेवढी मात्र घ्यावी लागेल.

मग ‘तुमची डिव्हाइसेस’ उघडा. जिथे जिथे तुमचं खातं चालू आहे त्यांची यादी दिसेल. तिथे टॅब असेल, मुलाचा लॅपटॉप असेल, कदाचित दोन वर्षांपूर्वी विकलेला फोनही असेल. ओळखीचं नाही ते सगळं साइन आउट करा. टॅबचं मात्र एकदम करू नका, नातीचं शाळेचं ॲप बंद पडेल आणि घरात वेगळाच गोंधळ उडेल. मुलाला सांगून तिच्यासाठी गूगलच्या फॅमिली लिंकमधून वेगळं खातं उघडून घ्या, मग तुमचं काढा. तोपर्यंत टॅबच्या सेटिंगमध्ये जीमेलच्या नोटिफिकेशन बंद ठेवा. जाता जाता हेही बघा की तुमच्या फोनमधले फोटो त्या टॅबवर उतरतायत का. बहुतेक उतरत असतील.

शेवटचं, लॅपटॉपवरून जीमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर’ ही दोन पानं पाहा. तुमचा मेल दुसऱ्या कोणाकडे आपोआप जात असेल तर ते तिथे कळतं. मोबाईलच्या ॲपमध्ये ते पान नाही, म्हणून लॅपटॉपच हवा. तुमच्याकडे ते रिकामं असेल असं मला वाटतं. पण वाशीच्या एका वाचकाने हेच पान उघडलं तेव्हा जुन्या भागीदाराचा पत्ता तिथे आरामात बसला होता.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी दोन शब्द, कारण सगळ्यांच्या घरात प्रेमळ मुलगा आणि पोळी वाढणारी सून नसते. ऐरोली-महापेच्या कंपन्यांत काम करणारे बरेच जण ऑफिसच्या लॅपटॉपवर स्वतःचा मेल उघडतात. तो लॅपटॉप कंपनीचा आहे, त्यावर काय दिसतं हे कंपनीला बघता येऊ शकतं, आणि तुमचा मेल एन्क्रिप्ट केलेला असला तरी पडद्यावर तो साधाच दिसतो. वैयक्तिक मेल स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या डेटावर. आणि जिथे नवरा किंवा सासरचं कोणी धाकासाठी खातं उघडत असेल, तिथे पासवर्ड तडकाफडकी बदलू नका. समोरच्याला लगेच कळतं, आणि तो क्षण धोक्याचा ठरू शकतो. विश्वासाच्या माणसाच्या फोनवर नवीन खातं उघडा, महत्त्वाचं तिथून करा, जुनं जसं आहे तसं दिसू द्या. दुसऱ्याच्या खात्यात परवानगीशिवाय शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 खाली येतं. अप्रामाणिक हेतूने केलं असेल तर कलम 66 खाली 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 5 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अशा वेळी सायबर पोलिसांकडे जायला संकोच करू नका.

आणखी एक, कागदपत्रांचं. लोक प्रेमपत्रं झाकायला एन्क्रिप्शन शोधतात आणि भाडेकरारासाठी एजंटला आधार, पॅन, पगाराची स्लिप एकाच मेलमध्ये बिनधास्त पाठवतात. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून निश्चिंत राहू नका. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल, एवढाच तो असतो, आणि दोन्ही गोष्टी सोबतच्या पॅनवर छापलेल्या असतात. चालत असेल तिथे मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे 4 आकडेच दिसतात. नाहीतर फाईलला वेगळा पासवर्ड घालून तो फोनवर सांगा. जीमेलमधल्या ‘कॉन्फिडेन्शियल’ सोयीवरही फार विसंबू नका. ती फॉरवर्ड आणि प्रिंट अडवते, मुदत घालते, पण समोरच्याने स्क्रीनशॉट काढला की संपलं, आणि कंपनीपासून काही लपतही नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, अविश्वासाचा. मुलगा विचारतो, लपवायचंय काय. या प्रश्नाला उत्तर देत बसू नका. उत्तर दिलंत की तुम्ही आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या राहता. सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायाधीशांनी 2017 मध्ये एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. पण जेवणाच्या टेबलावर त्या निकालाची प्रत फडकवून कोणाचं भलं झालेलं नाही. साधं सांगा, "अरे, माझ्या मेलचा पासवर्ड मी बदललाय, आता माझा मीच सांभाळणार आहे. अडलं तर तुलाच विचारीन." एवढंच, आणि शक्यतो एखादं काम करता करता. त्याचा स्वतःचा पासवर्ड तुम्हाला ठाऊक नाही आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नाही, हे त्याला आपोआप आठवेल. एन्क्रिप्शन काढायचं कारणही खरंखुरं सांगा: मैत्रिणीला वाचता येत नाही.

सुनेशी मात्र टॅबबद्दल बोलू नका, कर्जतबद्दल बोला. जरा तिच्या बाजूने बघा. सासूबाई घर सोडून जायच्या विचारात आहेत हे तिला कळलं, तेही असं आडून. तिने आदळआपट केली नाही, नवऱ्याला पुढे घातलं नाही, हवा छान असते एवढंच म्हणाली. ते टोमणा म्हणून होतं की तुम्ही बोलावं म्हणून तिने दार किलकिलं केलं होतं, मला इथून सांगता येणार नाही. तुम्ही टोमणाच धरून चालला आहात. तलावपाळीला नातीला घेऊन तिघी जा आणि विषय तुम्हीच काढा. जायचं ठरलेलं नसेल तर ठरलेलं नाही असंही सांगा.

खरोखर नाजूक असं काही लिहायचं असेल, म्हणजे पैसे, दवाखाना, घराचे कागद, तर ते मेलवर नको, फोनवर बोला. लिहायचंच असेल तर व्हॉट्सॲप किंवा सिग्नल बरं. व्हॉट्सॲपवर 2016 पासून दोन टोकांमधलं एन्क्रिप्शन आपोआप असतं, तुम्हाला किंवा मैत्रिणीला काही बसवावं लागत नाही. फक्त ‘लिंक्ड डिव्हायसेस’ मध्ये मुलाचा लॅपटॉप नाही ना ते बघा, आणि बॅकअपचं एन्क्रिप्शन वेगळं सुरू करावं लागतं ते करा. दोघींनाही मेलच हवा आणि मैत्रीण आपणहून तयार असेल, तर दोघींनी प्रोटॉनसारख्या सेवेत खाती उघडावीत, तिथे आपसातले मेल किल्ल्यांची भानगड न करता बंद होऊन जातात. विषयाची ओळ तिथेही तशी झाकली जात नाही. तिने नको म्हटलं तर आग्रह करू नका. व्हॉट्सॲपवर सगळं हलवा असंही मी म्हणणार नाही. तिथे माणूस दोन ओळींत उरकतो, आणि तुमची दीड पानाची सवय मोडावी असं मला वाटत नाही.

उरली जुनी पत्रं. पुसून टाकलीत तर ती तुमच्याकडची जातील. 30 दिवस ट्रॅशमध्ये राहतील, मग नाहीशी होतील. मैत्रिणीच्या इनबॉक्समध्ये मात्र सगळी तशीच असतील. म्हणजे जी भीती आहे ती जाणार नाही आणि जे जपायचं ते जाईल. मी पुसणार नाही म्हणते. फक्त मुलाने पाठवलेला तो किल्लीचा मेल दोघींनी काढून टाका, आणि मधल्या काळात बंद करून पाठवलेली पत्रं आत्ताच, लॅपटॉपवर किल्ली आहे तोवर, उघडून साधी करून घ्या. गूगलच्या ‘टेकआउट’ मधून सगळ्या मेलची एक प्रत उतरवता येते, ती पेन ड्राइव्हवर ठेवा. हे काम दुकानातल्या मुलाकडून करून घेऊ नका.

तुम्ही लिहिलं नाहीत पण मनात असेल ते, म्हणजे आपल्यामागे ही पत्रं कोणाच्या हाती पडणार. गूगलच्या ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ मध्ये तुम्ही सांगू शकता की 3 ते 18 महिने खातं वापरलं गेलं नाही तर काय करायचं: अमुक माणसाला अमुक गोष्टी द्यायच्या, किंवा सगळं पुसायचं. काहीच सांगितलं नाहीत तर 2 वर्षं न वापरलेलं खातं गूगल स्वतःच काढून टाकू शकतं. फोटो मुलाला आणि मेल कोणालाच नाहीत, असंही करता येतं. मेल द्यायचे ठरवलेत तर आधी मैत्रिणीला विचारा, निम्मी पत्रं तिची आहेत.

या रविवारचं पत्र तिला साधंच पाठवा. विषयात फक्त ‘रविवार’ लिहा, आणि पहिल्या ओळीत हवापाण्याबद्दल काहीतरी.